विठोजींचे वडील महादजी नव्हेत

आमच्या वंशावळीतील आठव्या पिढीचा चौकोन पुन्हा रिकामा झाला आहे, आणि तरीही काम पुढे सरकले असेच मी म्हणेन. माझ्यापासून सातव्या पिढीतील विठोजी तांबट यांच्या वडिलांच्या जागी मागील वृत्तांतात 'महादजी' हे नाव प्रश्नचिन्हासह लिहिले होते. ते आता काढून टाकत आहे.

वंशावळी शोधणाऱ्या आपल्या मंडळाच्या नव्या सभासदांनी विचारले होते की एवढे मागे जाण्याऐवजी १८७२ किंवा १८८१ च्या जनगणनेत नावे का शोधत नाही. ब्रिटनमध्ये १९२१ पर्यंतच्या शिरगणतीचे घरोघरचे तक्ते संशोधकांना पाहता येतात. आपल्याकडे मात्र छापील कोष्टके उरली, कुटुंबवार नावांचे कागद जपलेच गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी तर १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार कोणाला पाहताच येत नाहीत. त्यामुळे नावानिशी शिरगणती हवी असेल तर पेशवे दफ्तरातील खानेसुमारीकडेच, म्हणजे पेशवाईतल्या घरवार यादीकडेच, वळावे लागते, आणि तिथे घरधनी सापडला तरी त्याचे आईबाप सापडतीलच असे नाही.

आपल्याला ठाऊक असलेली ओळ कसबा पेठेच्या यादीतील आहे. शुहूर या जुन्या दफ्तरी कालगणनेत सन इसन्ने अशर मयातैन व अलफ, म्हणजे इसवी सन १८११-१२. तांबट आळीत त्या काळी 'विठोजी तांबट' नावाची माणसे एकाहून अधिक असल्यामुळे वडिलांच्या नावाशिवाय ओळख पटणे अवघड होते. ज्या मोडी वाचकाकडून मी लिप्यंतर करून घेतले होते, त्यांनी ही ओळ 'विठोजी बिन महादजी तांबट', म्हणजे महादजींचा मुलगा विठोजी, अशी सरळ लावून दिली होती. पानामागे दर आकारणाऱ्या वाचकांविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. लिप्यंतर सुबक दिसावे म्हणून संक्षेप मोकळे करून देण्याची, म्हणजे लघुरूपाच्या जागी पूर्ण शब्द लिहिण्याची, त्यांना सवय असते, आणि मूळ कागदावर संक्षेप होता ही गोष्टच त्यात नाहीशी होते. लिप्यंतरासोबत ओळ न ओळ जुळवलेले छायाचित्र मागून घ्यावे आणि संक्षेप जसेच्या तसे ठेवण्याची अट आधीच घालावी.

शंका आली ती नावांवरून. आमच्या घराण्यात आजा वारला की पुढे जन्मणाऱ्या पहिल्या नातवाला त्याचे नाव ठेवण्याचा रिवाज पिढ्यानपिढ्या दिसतो, पण 'महादजी' हे नाव एकाही पिढीत नाही. शिवाय त्याच यादीत चार घरे सोडून एका महादजी तांबटाची स्वतंत्र ओळ आहे. म्हणून मूळ कागदाचे छायाचित्र मोठे करून पाहिले. दोन नावांमधील पहिल्या अक्षरावर शाई पसरली आहे, त्यामुळे ते 'ब' आहे की 'न' हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. मात्र त्यापुढे दोन उभ्या रेघा आहेत. वाचकाने त्या पुढच्या अक्षराचा भाग मानल्या असाव्यात. मोडीत शब्द एकमेकांना चिकटून येत असल्यामुळे असे सहज घडते. मग त्याच लेखकाच्या हातचे सगळे 'बिन' त्या बंदावर, म्हणजे कागदाच्या तावावर, शोधले. तो 'बिन' एका दमात, बोरू न उचलता लिहितो आणि त्यापुढे कुठेही रेघा देत नाही. उलट, ज्या माणसांना दुसऱ्याच्या पदरी असलेले म्हणून दाखवले आहे, त्यांच्या नावापुढे 'नि॥' असा निसबतीचा संक्षेप याच दोन रेघांसह येतो. तेव्हा ती ओळ 'विठोजी नि॥ महादजी तांबट' अशी आहे. महादजी हे विठोजींचे वडील नसून धनी होते, आणि त्यांच्या भट्टीवर विठोजी काम करत असावेत.

एका संक्षेपाने एक बाप गेला, याचे दुःख फार दिवस टिकले नाही, कारण यात्रेकरूंच्या वंशनोंदी ठेवणाऱ्या नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत विठोजींच्या मुलाचा, राघोजींचा, लेख मिळाला. शके १७६५ चा, म्हणजे १८४३ च्या सुमाराचा. त्यात भाऊ, मुले, बाप विठोजी, आजी गंगा आणि आजा 'भि…' असे क्रमाने लिहिले आहे. त्यापुढचा कागदाचा काठ कसरीने खाल्ला आहे. मूळ गावाच्या ओळीचीही तीच गत झाली असून 'प्रांत राजापूर' एवढेच वाचता येते. तांबट मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यास आली हे आपण जाणतोच, पण आमच्या घराण्याचा प्रांत प्रथमच कागदावर दिसला.

भिकाजी, भिवाजी की भिकोबा? वहीतील भावांच्या यादीत राघोजींचे थोरले बंधू म्हणून 'भिकाजी' हे नाव स्पष्ट आहे. रिवाज पाळला असेल तर आजाही भिकाजीच, आणि या थोरल्या नातवाच्या जन्माआधीच, म्हणजे १८०८ च्या सुमारास जन्मलेल्या राघोजींच्याही पूर्वी, तो वारलेला असणार. तसे असल्यास १८११-१२ च्या यादीत त्याचा शोध घेणेच व्यर्थ ठरते. रिवाज हा पुरावा नव्हे, म्हणून मी चौकोनात 'भि' एवढेच लिहिले आहे. गंगाबाईंचे नाव मात्र निःशंक आहे. बापाचे नाव अर्धे आणि आईचे पूर्ण, असा प्रकार आपल्या छंदात क्वचितच घडतो, आणि मला त्याचे अपार कौतुक वाटते. त्यांचे माहेर कळण्याची आशा मी अजून धरलेली नाही.

छायाचित्रांविषयी थोडे सांगतो. कागद आपोआप पांढरा करणारी फोनमधील स्कॅनची ॲप्स वहीसाठी वापरू नयेत; कसरीच्या भोकाभोवती उरलेले अक्षरांचे फाटे ती डाग समजून पुसतात. बाजूने तिरपा उजेड टाकून साधे छायाचित्र घेतले की 'भि'च्या पुढे एका उभ्या दांड्याचा तळ दिसतो. तो 'क'चा की 'व'चा हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. नोंदी ठेवण्यासाठी ग्रॅम्प्स हे वंशावळीचे सॉफ्टवेअरच मला सर्वांत सोयीचे वाटते. ते विनामूल्य आहे, आडनाव कोरे सोडता येते, आणि महादजींना नातेवाईक न करता नुसते 'संबंधित' म्हणून जोडता येते. शुहूर सन मात्र त्यात नाही, तो टिपणातच लिहावा लागतो.

यापुढे राजापूरकडची गावे धुंडाळायची असे ठरवले होते. परंतु हे लिहितानाच लक्षात आले की निसबत हाच उत्तम धागा आहे. बाहेरगावचा कारागीर पुण्यात कोणाच्या पदरी राहिला तर त्याच्यासाठी कोणी तरी जामीन राहिले असण्याची शक्यता आहे, आणि जामीनकतब्यात, म्हणजे जामिनाच्या लेखी कबुलीत, 'अमुक बिन अमुक, वस्ती मौजे अमुक' असे लिहिण्याची पद्धत होती. म्हणून कोकणचा बेत पुढे ढकलून आधी महादजींच्या नावाने रुमाल, म्हणजे दफ्तरातील कागदांचे बांधलेले गठ्ठे, मागवणार आहे. सरकारी भांड्यांचे काम त्यांच्याकडे असेल, तर रोजकीर्दीत (रोजच्या हिशेबाच्या वहीत) कारागिरांच्या रोजमुऱ्याबरोबर (मजुरीबरोबर) नावे येण्याचाही संभव आहे. कसब्यातील तांबटांचे कतबे किंवा रोजमुऱ्याच्या याद्या कोणाच्या पाहण्यात आल्या असतील, तर रुमालाचा क्रमांक कळवावा, आणि संक्षेप मोकळे न करता कळवावा.