४८६ची प्रगती: माऊस अखेर वर चढला

माझ्या जुन्या ४८६ पीसीवर मेम /सी (मेमरीत काय कुठे बसलंय ते दाखवणारी डॉसची आज्ञा) मारलं आणि मोकळी कन्व्हेन्शनल मेमरी (डॉसचे प्रोग्राम चालतात ती खालची ६४० केबी) ६१४ केबी! परवापर्यंत हाच आकडा ५९७ वर अडून बसला होता, कारण माऊसचा ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मेमरीत जातच नव्हता.

मशीन कुठवर आलंय ते मागच्या नोंदीत आहेच: डॉस ६.२२, हार्ड डिस्कच्या जागी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड, सीडीसाठी विडे-सीडीडी.सिस हा ड्रायव्हर. (तो जेमतेम ५ केबीत बसतो. ओकचा सीडी ड्रायव्हर अजून वापरत असाल तर बदलाच.) कॉन्फिग.सिस (सुरू होताना डॉस आधी वाचतो ती फाइल) चोख होती. आधी हायमेम, मग नोईएमएससह ईएमएम३८६ (हे दोघे वरची मेमरी खुली करतात), डॉस=हाय,यूएमबी (डॉसला ती वापरू देणारी ओळ) आणि खाली डिव्हाइसहाय (ड्रायव्हर वर चढवणारी).

घोळ ऑटोएक्झेकमध्ये, म्हणजे त्यानंतर चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत. माऊस.कॉम या माऊसच्या ड्रायव्हरला एलएच (‘वर लोड कर’ ही आज्ञा) लावूनही तो खुशाल खालच्या ६४० केबीत जाऊन बसायचा. एरर नाही, काही नाही. सुरू होताना एफ८ दाबून एकेक ओळ तपासली, सगळं सुरळीत. मेममेकर (मेमरीची मांडणी जुळवून देणारं डॉसचं साधन) चालवला. तो एल स्विच (कोण वरच्या कुठल्या भागात जाईल ते सांगणारा) लावून देतो, पण ओळींचा क्रम बदलत नाही, आणि मेख नेमकी क्रमातच होती.

मोकळे तुकडे दाखवणाऱ्या मेम /एफ ने उलगडा केला. माऊसची पाळी येईपर्यंत वरचा सर्वांत मोठा सलग तुकडा ४० केबीच्या आसपास उरायचा. माऊसला राहायला १७ केबी पुरतात, मग मावेना का? डिर मारून फाइलीचा आकार बघितला: ५६ हजार बाइटांहून मोठी! लोड होताना अख्खी फाइल मेमरीत उतरते आणि जुळवाजुळव झाल्यावरच जास्तीची जागा सोडते. म्हणजे बिऱ्हाड १७ केबीचं, पण आत शिरायला दार ५५ केबीचं हवं. तेवढा तुकडा नसला की एलएच मुकाट्याने खाली लोड करतो.

म्हणून आता माऊस पहिला, मग एमएससीडीईएक्स (सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा), शेवटी स्मार्टड्राइव्ह (वाचलेला डेटा मेमरीत कॅश करून, म्हणजे साठवून, वेग वाढवणारा). हे शेवटचे दोघे उलटे करू नका, नाहीतर सीडीला कॅश मिळत नाही. कॉन्फिग.सिसमधूनच प्रोग्राम लोड करणाऱ्या इन्स्टॉल= चाही विचार केला होता, पण ती ओळ कुठेही लिहा, सगळे डिव्हाइस उरकल्यावरच चालते आणि प्रोग्राम खालीच ठेवते. क्यूटमाऊस (छोटा पर्यायी माऊस ड्रायव्हर) घातला असता तर प्रश्नच मिटला असता, हे खरं. पण कारण न कळता लक्षण घालवणं मला पटत नाही.

बाकी, इथे गोव्यात डिचोलीत पावसाने रॅमच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. खोडरबर फिरवला, पॅरिटी एरर (मेमरीतल्या चुकीचा इशारा) गेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेला सिरियल माऊसही झकास चालतोय.

यापुढे साउंड कार्ड बसवायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटलं, दरवेळी सीडी लागते कुठे? तेव्हा आधी कॉन्फिग.सिसमध्ये मेनू करतो, एक सीडीचा, एक बिनसीडीचा, आणि ऑटोएक्झेकमध्ये गोटू %कॉन्फिग% (निवडलेल्या पर्यायाच्या ओळींवर उडी मारणारी आज्ञा). साउंड कार्ड चवथीनंतर.