आमची वाटचाल : दोन बेड ते बत्तीस बेड

२०११ ला गांडूळखताला सुरवात केली तेव्हा दोनच बेड होते, १२ बाय ४ फुटांचे, आणि पाच किलो बेणं, म्हणजे आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव, ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवायचं हीच इकडची रीत, एकरी तीन-चार टन माल तासाभरात राख. मावसभाऊ म्हणाला, दादा, लोक पेटवतात ते आपण उचलू. शेण घरचं, कुट्टी मशीन त्याच्या सासऱ्याचं जुनं.

चाळणीबद्दल सांगायलाच पाहिजे. ४ मिलीच्या जाळीचा ढोल वेल्डरकडून करून घेतला, सायकलचं चाक लावून हातानं फिरवायचा. नंतर मोटारवाली घेतली पण बेणं वेगळं करायला अजून तोच ढोल, मोटारीच्या वेगात गांडूळ तुटतं. नवीन पोरं फोन करतात त्यांना पण हेच सांगतो, खत काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी तोडा, गांडूळ खाली जातं, मग वरचं खत हातानं ओढा, फावडं लावू नका. आणि ताजं शेण बेडवर टाकू नका, हात घालून बघा, ऊब लागली तर थांबा.

२०१९ पर्यंत बत्तीस बेड झाले. शेड आम्ही २००५ च्या पुराच्या खुणेपेक्षा दोन फूट वर बांधलेलं, त्यामुळं ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तरी निवांत होतो, ती चूक माझीच. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही जनावरं सोडवली, माणसं काढली, बेड तिथंच राहिले. आठवड्यानं परत आलो तर शेडमध्ये गुडघाभर गाळ. नुसत्या पाण्यानं गांडूळ लगेच मरत नाही, पण गाळ बसला, आतलं शेण सडलं की हवा तुटते. बेड उकरला की वास सहन होत नव्हता. भाऊ तिथंच खाली बसला, आठ वर्षांचं बेणं गेलं होतं.

आणि त्याच महिन्यात रस्त्यावरच्या एका खतवाल्यानं आमच्या गिऱ्हाइकांना फोन लावले, ह्यांचं सगळं वाहून गेलं, आता ते पुराचा गाळच चाळून विकणार. हे मी विसरणार नाही. स्वतः साखर कारखान्यातली मळी (प्रेसमड) वाळवून, चाळून गांडूळखताच्या पिशवीत भरायचा, आमच्यापेक्षा किलोमागं दोन रुपये कमी. मळी वाईट नाही, चांगली कुजवून रानात टाकायला झकास आहे, पण मळी म्हणून विका ना! खरं गांडूळखत चहापत्तीसारखं दाणेदार असतं, वळवाच्या पहिल्या पावसाचा वास येतो, आंबूस वास आला तर पिशवी परत करा.

तासगाव भागातले एक द्राक्षवाले आबा २०१३ पासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी आमच्याकडनं दोन किलो बेणं नेऊन बागेच्या कडेला, छाटणीच्या काड्यांची कुट्टी आणि शेण घालून स्वतःचे दोन बेड केले होते, तेव्हा भाऊ कुरकुरला होता की हे आता खत घ्यायचे बंद होतील. सप्टेंबरात ते छोटा हत्ती घेऊन आले, ओल्या बारदानात, शेणासकट वीस किलो बेणं. म्हणाले, तुझंच आहे, घे. पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात त्यांचे घड कुजले, डाऊनी रोगानं बाग गेली, तरी फोन करून विचारायचे बेड किती झाले रे.

मार्चमध्ये पहिला माल निघाला, द्राक्षाच्या खरड छाटणीच्या आधी तो आबांच्या बागेत, वेलींच्या बोदावर पडला. पिशव्या मीच उतरवल्या, आबांनी बिल मागून घेतलं आणि पूर्ण दिलं. मधली वर्षं नीट गेली, परत बत्तीस बेड आहेत, शेड आता वरच्या माळावर. दर मार्चला आबांचे दोन टन आधी भरतो, बाकीच्यांनी चार दिवस थांबायचं.