उषाचे दहा अडथळे

सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेला हर्डल्सचा, म्हणजे शर्यतीत ओलांडायच्या अडथळ्यांचा, संच घ्यायचं ठरलंय. याच मैदानावर फक्कीने आखलेल्या लेनमधून धावायला शिकलेल्या माझ्यासारख्याला याचा फार आनंद आहे, म्हणून इथे पी. टी. उषाबद्दल लिहितो.

केरळातल्या पय्योळीची उषा मूळची शंभर-दोनशे मीटरची. १९७६ मध्ये ती कन्नूरच्या क्रीडा विभागात दाखल झाली आणि पुढे ओ. एम. नंबियार सरांच्या हाताखाली घडली. १९८० मध्ये सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये दोन रौप्यपदकं. चारशे मीटर हर्डल्सकडे ती वळली त्यानंतर. महिलांची ही शर्यत १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होणार होती.

उपांत्य फेरीत ५५.५४ सेकंदांत ती पहिली आली. अंतिम फेरीत फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे इशाऱ्याआधीच कुणीतरी सुटलं, सगळ्या पुन्हा सुरुवातीच्या ब्लॉकवर. दुसऱ्या खेपेला उषा ५५.४२, रुमानियाची कोजोकारू ५५.४१. कांस्यपदक हुकलं. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम सात सेंटीमीटर. फोटो फिनिशमध्ये डोकं, हात, पाय धरत नाहीत, धड रेषेवर कधी आलं तेच बघतात. उषाने छाती पुढे झोकली नाही, असं आजही म्हणतात. पण ते सात सेंटीमीटर नुसते शेवटच्या रेषेवर शोधणं मला पटत नाही.

पहिला अडथळा ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरवर एक असे एकूण दहा, शेवटी ४० मीटर मोकळी धाव. उंची ७६.२ सेंटीमीटर. दोन अडथळ्यांमध्ये तयारीच्या मुली साधारण १५ ते १७ पावलं टाकतात. पावलं विषम असली की दर वेळी तोच पाय आधी पलीकडे जातो, सम झाली की पाय बदलतो. दमल्यावर पाऊल आखूड पडतं, हिशेब चुकतो, मुलगी अडथळ्यापुढे थबकते आणि तिथे शतांश नव्हे, दशांश जातात. वळणावर डावा पाय आधी गेला तर लेनची आतली कड धरता येते. उजवा गेला आणि मागचा डावा पाय अडथळ्याच्या बाजूने खालून निघाला, तर पंच बाद करतात. हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात आणि उषा या शर्यतीला उशिरा आली. तरीही पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत तिने पाच सुवर्णपदकं जिंकली, हर्डल्सचं त्यातलंच. तिच्या ५५.४२ ला भारतात बरोबरी मिळाली थेट २०२३ मध्ये, विथ्या रामराजकडून, चीनमधल्या हांगझोऊच्या एशियाडमध्ये.

म्हणून सातवी-आठवीपासूनच सुरुवात व्हावी. अडथळा मांडताना त्याचे आडवे पाय धावत येणाऱ्या मुलीच्या बाजूला हवेत, म्हणजे धक्का लागला की तो पुढे कलंडतो. उलटा लावला तर पडत नाही आणि मुलगीच तोंडावर आपटते. शाळांच्या सामन्यांत ही चूक सर्रास दिसते. सुरुवातीला उंची गुडघ्याएवढीच ठेवावी, अंतरही कमी, आणि दोन्ही पायांनी ओलांडायचा सराव पहिल्या आठवड्यापासून घ्यावा. निदान दोन अडथळे वळणावर लावावेत, कारण फक्त सरळ लेनमध्ये शिकलेली मुलगी वळणावर गोंधळते.