नाडी बरोबर, गोळी वेगळी

दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या तळाशी फुगलेल्या शिरेवर पांढरा ठिपका दिसला आणि रक्त कुठून आलं ते कळलं. रक्तस्राव रोखणारं टर्लिप्रेसिन आणि अँटिबायोटिक आधीच सुरू होतं. शिरेवर रबरी बँड बसवले, रक्त थांबलं.

कोडं पुढेच होतं. लिव्हर सिरोसिसच्या या काकांना पूर्वी एकदा रक्ताची उलटी झाली होती. त्यानंतर दारू पूर्ण बंद, बँडिंगची एकही तारीख चुकलेली नाही. काकू रोज नाडी मोजून वहीत लिहायच्या : ५६, ५८, ६०. गोळीनं आम्हाला हवी तेवढीच मंद. मग शीर फुटली कशी?

मी गोळ्यांची पिशवी मागितली. पुन्हा रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलच्या जागी मेटोप्रोलॉल निघालं. "दिवसातून एकदाच घ्यायची, गट तोच आहे, असं सांगून बदलून दिली," काकू म्हणाल्या.

गट तोच, बीटा-ब्लॉकर, पण काम अर्धंच. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक होतं, आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब चढतो आणि रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांमध्ये घुसतं. बँडनं शीर बंद होते, दाब तसाच राहतो. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचा जोर कमी करतंच, शिवाय रक्तवाहिन्यांवरचे बीटा-२ रिसेप्टर अडवून आतड्यांकडच्या धमन्या आकसवतं, म्हणून पोर्टल शिरेत रक्तच कमी येतं. मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर चालतं. नाडी मंदावते, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

पॅरिसजवळच्या क्लिशीमध्ये लेब्रेक या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रोप्रॅनोलॉलनं पुन्हा होणारा रक्तस्राव टळतो हे दाखवलं. काहीच उपाय केला नाही तर दर १० पैकी जवळपास ६ जणांना एक-दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो. म्हणून बँडिंग आणि गोळी, दोन्ही हवंच. गोळी बदलल्यामुळेच शीर फुटली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्रोप्रॅनोलॉल घेतानाही काहींना रक्तस्राव होतो. पण मोठा आधार निघून गेला होता, हे नक्की.

टर्लिप्रेसिन थांबलं, बीपी स्थिरावलं, तेव्हा प्रोप्रॅनोलॉल कमी डोसनं पुन्हा सुरू केलं. दमा नव्हता, तो असता तर ही गोळी देताच आली नसती.

"ही बीपीची गोळी नाही, लिव्हरची आहे. कुणीही बदलली तर आधी मला फोन करा," मी काकूंना सांगितलं.

"आणि वही?"

"चालू ठेवा. नाडीशेजारी बीपीही लिहा. वरचं बीपी ९०च्या खाली गेलं, लघवी कमी झाली किंवा पोटात पाणी होऊन ताप आला, तर लगेच या. तेव्हा हीच गोळी थांबवावी लागते."