गॅस भरण्याआधी दोन तारा मोजा

गोव्यात एसी नीट चालेनासा झाला की मेकॅनिकचं निदान दारात चपला काढतानाच तयार असतं: "गॅस सोंपला." गॅस म्हणजे काही स्कूटरचं पेट्रोल नव्हे, चालवली की संपायला. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता नुसता भरून दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, तेच वाक्य.

मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. तापमानाचे सेन्सर तपासणं हे रोजचंच काम, त्यामुळे नात्यागोत्यातल्या एसींची कुंडली माझ्याकडेच येते. मोरजीच्या मावशीच्या एसीलाही गॅसचंच निदान झालं होतं. तिची तक्रार मात्र वेगळी होती. "अरे, २४ वर ठेवला की नुसता वारा येतो. १७ वर घातला की बरा गार होतो बघ."

हे ऐकूनच मी गॅस वगळला. गॅसला रिमोटवरचा आकडा कळत नाही. तो खरंच कमी असता तर १७ काय आणि २४ काय, कॉम्प्रेसर न थांबता चालत राहिला असता आणि हवा कोमटच आली असती. इथे कॉम्प्रेसर चालू असताना हवा चांगली बोचरी येत होती. तो चालूच उशिरा व्हायचा आणि बंद लवकर पडायचा. म्हणजे खोली आहे त्यापेक्षा गार आहे असं कोणीतरी बोर्डाला, एसी चालवणाऱ्या आतल्या सर्किटला, सांगत होतं. (नवे एसी कारखान्यातूनच २४ वर लावलेले येतात, २०२० पासून तसा नियम आहे. त्यामुळे हा दोष असलेला एसी सुरू करताक्षणीच बिघडल्यासारखा वाटतो.)

आतल्या युनिटमध्ये सहसा दोन सेन्सर असतात. एक जाळीमागे, आत येणाऱ्या हवेत: काळ्या मण्यासारखा, खोलीचं तापमान सांगणारा. दुसरा तांब्याच्या टोपणातला, कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या) नळीवरच्या खोबणीत सरकवलेला. दोन्ही एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की विजेला होणारा रोध घटतो. २५ डिग्रीला ५, १०, १५ किंवा २० किलोओहम (थोडक्यात 'के'), कंपनीनुसार. नेहमीचा १० केचा घेतला तर ३० डिग्रीला साधारण ८ के, आणि बर्फाच्या पाण्यात ३२-३३ के.

तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर बोर्ड एरर कोड दाखवतो, दिवा लुकलुकतो. तो दोष सोपा. खरी पंचाईत अधल्यामधल्या आकड्याची. बोर्डाच्या लेखी १२ के हाही अगदी सभ्य आकडा आहे, त्याचा अर्थ २१ डिग्री. त्यात खोटं काय हे त्याला कळायला मार्ग नाही.

एमसीबी (एसीचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) पाडूनच झाकण काढलं. हे सांगून ठेवतो: सेन्सरच्या तारा बारीक दिसल्या तरी काही बोर्डांत त्या मेन्सपासून, म्हणजे घरातल्या मुख्य विजेपासून, वेगळ्या केलेल्या नसतात. चालू एसीत रोध मोजायचा मीटर घालू नका. मग खोलीच्या सेन्सरचा कनेक्टर उपटला आणि मीटर लावला. खोलीत ३० डिग्री, मीटरवर १२ के, आणि तार हलवली की आकडा नाचत होता. तीच तार मण्याजवळ सुईने टोचून मोजली तर ८ के. मणी ठणठणीत! पिन जिथे तारेवर दाबून बसवलेली असते तिथे हिरवट चट्टा धरला होता. किनाऱ्यावरची खारी हवा, त्यात पावसाळ्यातली दमट भिंत. तांब्याचं आणखी काय होणार? तेवढ्या चट्ट्याने ४ के वाढवले आणि एसी नऊ डिग्रीने फसला.

उलटंही होतं. मण्याच्या आवरणातून ओल शिरली की रोध कमी दिसतो, बोर्डाला खोली तापलेली वाटते, आणि एसी थांबतच नाही. आपण पांघरूण घेऊन कुडकुडतो आणि बिल आल्यावर वीज खात्याला शिव्या घालतो.

आणि सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला बिघाड असेल तर मीटर काढण्याआधी डोळ्यांनी बघा. खोलीचा सेन्सर क्लिपमधून सुटून कॉइलला टेकला असेल तर त्याला कायम थंडी वाजते. कॉइलचा सेन्सर खोबणीतून निसटून हवेत लोंबत असेल तर बर्फ धरतोय हे बोर्डाला कळतच नाही. कॉइलवर पांढरा थर चढतो. तो थर कमी गॅसनेही चढतो, आणि 'गॅस सोंपला'ची ओरड पुन्हा सुरू होते.

झाकण उघडायची भीती वाटत असेल तर रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण आहे का पाहा. ते दाबलं की एसी आपल्या सेन्सरऐवजी रिमोटमधल्या सेन्सरचं ऐकतो. तेवढ्याने वागणं सुधारलं तर चोर सापडला. निकाल मात्र तीन मिनिटांनी लावा, कारण बंद झालेला कॉम्प्रेसर तेवढा वेळ मुद्दामच थांबतो.

बोर्ड की सेन्सर असा संशय उरला तर १० केच्या सेन्सरच्या जागी १० केचाच साधा रेझिस्टर (ज्याचा रोध तापमानाने बदलत नाही) लावून बघावा. बोर्डाला वाटतं, २५ डिग्री. २० मागितलं तर कॉम्प्रेसर लागला पाहिजे, २८ मागितलं तर थांबला पाहिजे. तसं झालं तर बोर्ड निर्दोष.

मावशीसाठी तारेसकट नवा सेन्सर घ्यायला म्हापशाला गेलो. दुकानदाराने "हो सगळ्यांक चलता" म्हणत एक पुढे केला. सगळ्यांना चालणारा सेन्सर नसतो. १० केच्या जागी ५ के बसवला तर २५ डिग्रीच्या खोलीत बोर्डाला चाळिशीपार तापमान दिसेल. म्हणून मीटर खिशात ठेवायचा आणि गल्ल्यावरच मोजायचं: दुकानात तिशीचं ऊन असताना ८ केच्या आसपास दिसला तर घ्यायचा, ४ दिसला तर तो ५ केचा, परत द्यायचा.