रांगीतोतोचा पोहुतुकावा बघायचाय? किनाऱ्याची वाट धरू नका

न्यूझीलंडच्या ऑकलंडहून रांगीतोतो या ज्वालामुखीच्या बेटावर जाणाऱ्यांनो, आधीच सांगतो, किनाऱ्याकिनाऱ्याने इस्लिंग्टन बे ही खाडी गाठायच्या फंदात पडू नका. आम्हाला सांगितलं होतं की शिखरापेक्षा ही वाट सोपी. चढ नाही हे खरं, पण पायाखाली नुसता लाव्हा, खडबडीत, पाऊल कुठे टाकायचं हे दर वेळी बघावं लागतं, मान वर करायची सोय नाही, मग ज्या पोहुतुकावाच्या झाडांसाठी आलो ती बघणार कधी? त्यात दुपारचा काळा दगड असा तापतो की खालूनही भाजतं आणि वरूनही. दोन्ही घोटे अजून ठणकतायत. ट्रेकिंगची सवय असली तरी माझं मत बदलणार नाही.

शिखराची वाट धरा. बोटीच्या धक्क्यापासून साधारण तासाभरात २५९ मीटरवर पोचता, आणि झाडंही तिथेच नीट बघायला मिळतात. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, हे बेट जेमतेम सहाशे वर्षांपूर्वीचं, माती अशी नाहीच. तरी पोहुतुकावाचं बी दगडाच्या फटीत रुजतं, सावली धरतं, खाली पाचोळा साठतो आणि त्यात मग नेचे वगैरे येतात, म्हणून उघड्या काळ्या दगडात मधेमधे हिरवी बेटं दिसतात. मी एका झाडापाशी बराच वेळ बसलो होतो. फूल म्हणजे लाल पुंकेसरांचा झुबकाच, पानं खालून पांढरट लवेची. हे जांभळाच्याच कुळातलं. पोहुतुकावाचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल इथलं, आणि ते पॉसम आणि वॉलबी या झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांनी खाऊन संपवत आणलं होतं, १९९० च्या दशकात त्यांना हटवलं तेव्हा वाचलं. त्यामुळे निघायच्या आधी बूट आणि बॅगा झटकून साफ करा, बिया, मुंग्या काही नेऊ नका, यात आळस अजिबात नको.

फुलं बघायची तर डिसेंबरमध्येच जा. बेटावर दुकान नाही, प्यायचं पाणी नाही, माणशी तीन लिटर न्या, कमी पडतं. लाव्हाच्या गुहा बघायच्या तर टॉर्च हवाच. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा, इथे मुक्कामाला परवानगी नाही आणि ती चुकली तर खाजगी बोटवाला म्हणेल तेवढे डॉलर मोजावे लागतात, आमच्यासमोर एका कुटुंबाने मोजले.