तीच पुस्तकं, दुसऱ्यांदा

आठवीत असताना वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून आपल्या शाळेनं मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली होती. पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा वाचली आणि तेव्हापासून लहानपणीची पुस्तकं एकेक काढून वाचतो आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

त्या वयात मला धनगरांची मेंढरं, तालमीचं बांधकाम आणि तालमीसाठी औंधचे राजे वाडीत येतात तो थाट, एवढंच आवडलं होतं. शेवटच्या दुष्काळाची पानं भराभर उलटली होती. आता मात्र सुरुवातीलाच थांबलो. कोवळ्या वयाचा एक मास्तर माणदेशातल्या त्या आडवाडीत नेमणूक घेऊन येतो, तर शाळेत एकही मूल नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याला हाताशी धरून तो मुलं गोळा करतो, लोकांची बारीकसारीक कामं अंगावर घेतो आणि बघता बघता वाडीचा होऊन जातो. त्याला तिथं किती एकटं वाटलं असेल, हे आठवीत कुठून सुचणार? शाळा सुटल्यावर शिक्षकांनाही घर असतं, हेच तेव्हा मनात येत नाही. आपल्या मराठीच्या बाई रोज उमरेडहून एसटीनं यायच्या. घरी तान्हं मूल ठेवून त्या येत होत्या, हे मला शाळा सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

ग्रंथालयाची किल्ली या बाईंकडे असे. नियम एका वेळी एका पुस्तकाचा, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पिशवी भरून पुस्तकं द्यायच्या. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडायची ती जूनच्या अखेरीस, त्यामुळे सुट्टी लांबलचक. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. ते उरकलं की थंड फरशीवर पालथं पडून संध्याकाळपर्यंत वाचायचं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच पिशवीतून घरी आला. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश वाचून झाला की मीही नागपुरातल्या बर्डीच्या गर्दीतून सायकल तशीच दामटायचो. अलीकडे मुलीला त्याच्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवताना जाणवलं, की भागवतांची वाक्यं तोंडात किती सहज बसतात. फेणेचं ते ‘ट्टॉक्’ आलं की जीभ आपसूक टाळ्याला लागते. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणणारा हा लेखक मुलांना कमी लेखत नाही, अर्थ सांगत बसत नाही, गोष्ट पुढं नेतो. भाड्याच्या लायब्ररीतून आणून तेव्हा फडशा पाडलेल्या कितीतरी रहस्यकथा आता दहा पानांपुढं सरकत नाहीत. फेणे मात्र आजही पळतो.

‘श्यामची आई’बद्दल थोडं थांबून लिहायला हवं. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. गुरुजी तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. शाळेत आपण हे पुस्तक संस्कारांचं म्हणून वाचलं. प्रत्येक रात्रीच्या गोष्टीतून काय बोध घ्यायचा, ते वहीत लिहून ठेवलं. आज मला ते कर्जाचं पुस्तक वाटतं. सावकाराचा तगादा, हळूहळू खचत जाणारं घर आणि त्या घरात खंगत चाललेली एक बाई.

‘अळणी भाजी’ आठवत असेल. भाजीत मीठ पडलेलं नाही हे वडिलांना पहिल्याच घासाला कळतं, तरी ते भाजीची स्तुती करतात. मुलंही मुकाट्यानं खातात. आईला कळतं ते ती स्वतः जेवायला बसते तेव्हा. वडिलांच्या समजूतदारपणावर आम्ही सगळ्यांनी छान उत्तरं लिहिली होती. या वेळी वाचताना डोळा दुसरीकडेच गेला. आईला सगळ्यांत शेवटी कळतं, कारण ती सगळ्यांत शेवटी जेवते. आमच्या महाल भागातल्या घरीही आईचं पान शेवटीच मांडलं जायचं. कधी पातेल्यात भात उरलेला नसे, मग ती सकाळची पोळी ताकात कुस्करून खायची आणि मला हेच आवडतं म्हणायची. श्यामच्या आईच्या उशिरा जेवण्यावर गुरुजी काही भाष्य करत नाहीत. ते सांगतात आणि पुढं जातात. मला तिथून लवकर पुढं जाता आलं नाही.

लहानपणीची पुस्तकं पुन्हा उघडू नयेत, गोडी जाते, असं अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. ज्या पुस्तकांत आई, वडील, मास्तर खरे आहेत, ती पुन्हा वाचताना आपल्याला नवी माणसं भेटतात, आणि ती सगळी पहिल्या वाचनातही तिथंच होती.

महोत्सवाच्या निमित्तानं या तिन्हींच्या काही प्रती मी शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. विनंती एवढीच, की वार्षिक परीक्षा संपली की त्या मुलांना घरी न्यायला द्याव्यात आणि शाळा उघडेपर्यंत परत मागू नयेत. पानं फाटली किंवा पुस्तक हरवलं तर मुलांना दंड लावू नये. मला कळवावं, मी दुसरी प्रत आणून देईन.